लहानग्याचं नाक वाहतंय: थेंब, पंप, ओव्याची पुरचुंडी की सिरप?

दीड-दोन वर्षांच्या मुलाला नाक शिंकरता येत नाही, सगळा घोळ तिथेच आहे. आपण रुमाल घेऊन क्षणात जे करतो ते त्याला जमायला अजून बराच काळ आहे, आणि तोवर या वयाच्या मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा तरी सर्दी होतेच. पाळणाघरात जाणाऱ्यांना त्याहून जास्त. माझा मुलगा २२ महिन्यांचा आहे. गेल्या पावसाळ्यापासून त्याला पाच वेळा सर्दी झाली आणि दरवेळी घरात तोच प्रश्न उभा राहिला: आता काय करायचं? सासूबाई ओवा भाजायला घेतात, नवरा मेडिकलमध्ये जायला चपला घालतो आणि मी मधे उभी.

पाच सर्द्यांनंतर मी उपाय दोनच गोष्टींवर तोलते. याने मूल दूध पिऊ शकेल आणि झोपू शकेल इतपत नाक मोकळं होतं का? आणि हे चुकलं तर मुलाचं किती नुकसान होईल? सर्दी किती दिवसांत गेली हे मी मोजत नाही, कारण ती विषाणूंची असते आणि सात ते दहा दिवस घेतेच. चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड घट्ट आणि पिवळा-हिरवा होतो, तेही त्याच क्रमातलं आहे. नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक मागायला धावू नका.

मिठाच्या पाण्याचे थेंब

माझी निवड हीच, आणि इतर सगळं याच्या नंतर. मेडिकलमध्ये ‘सलाईन नेझल ड्रॉप्स’ म्हणून मागायचे. बहुतेक बाटल्यांवर सोडियम क्लोराईड ०.६५ टक्के असं लिहिलेलं असतं. त्यात औषध नाही, नुसतं मिठाचं पाणी आहे. त्याने घट्ट शेंबूड सैल होतो आणि एकतर पुढे वाहून येतो किंवा मागे जाऊन गिळला जातो. गिळला तरी काही बिघडत नाही.

एडिंबरोच्या संशोधकांनी २०२४ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या मुलांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले होते. सर्दी होताच मिठाच्या पाण्याचे थेंब सुरू केलेल्या मुलांची सर्दी सरासरी सहा दिवसांत गेली, इतरांची आठ दिवसांत. त्या थेंबांत मीठ आपल्याकडच्या नेहमीच्या ड्रॉप्सपेक्षा जास्त होतं, म्हणून तोच हिशोब आपल्या बाटलीला लावता येणार नाही. मला तर रात्रीची झोप मिळाली तरी हे थेंब पुरतात.

घालायची पद्धत महत्त्वाची आहे. पहिल्या सर्दीत मी चुकत होते: मूल रडत असताना, घाईघाईत, उभ्या-उभ्या. आता त्याला मांडीवर आडवं घेते, मान किंचित मागे, प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब, मग मिनिटभर गाणं. वेळ ठरलेली: दूध किंवा जेवणाच्या आधी पंधरा मिनिटं आणि झोपण्यापूर्वी. दुधानंतर घातले तर उलटी होण्याची शक्यता असते. बाटली थोडा वेळ मुठीत धरून कोमट केली तर मूल दचकत नाही. एका मुलाची बाटली दुसऱ्याला वापरू नये, टोक नाकाला लागलेलं असतं.

घरी मीठ-पाणी कालवून करू का, असं मैत्रिणी विचारतात. मी करत नाही. मीठ चिमूटभर जास्त झालं की नाक झोंबतं, आणि एकदा झोंबलं की पुढच्या वेळी मूल बाटली बघूनच पळतं. स्प्रेचंही तसंच आहे. पाणी जोरात येतं आणि या वयाची मुलं घाबरतात, म्हणून थेंबच बरे.

ओढून काढायचं कशाने?

थेंबांनंतर शेंबूड बाहेर काढायचा, त्यासाठी तीन साधनं मिळतात.

रबरी फुग्याचा पंप सगळ्यात स्वस्त. फुगा आधी दाबायचा, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी लावायचं आणि हळूच सोडायचं. नाकात लावल्यावर दाबला तर शेंबूड उलटा आत ढकलला जातो. याचा खरा दोष स्वच्छतेचा. फुगा आतून दिसत नाही, नीट वाळत नाही आणि आत बुरशी धरते. आमचा मी कापून बघितला आणि त्याच दिवशी फेकला.

दुसरी नळी: एक टोक मुलाच्या नाकपुडीशी, दुसरं आपल्या तोंडात, मधे गाळणी. ऐकून किळस वाटते, पण गाळणीमुळे शेंबूड आपल्या तोंडापर्यंत येत नाही. किती जोराने ओढायचं ते आपल्या हातात राहतं आणि सगळे भाग सुटे करून धुता येतात. मी हीच वापरते. एक तोटा खराच आहे: ओढणाऱ्याला सर्दी लागण्याची शक्यता राहते. ओढणारी गरोदर असेल किंवा तान्ह्या बाळालाही सांभाळत असेल तर हे काम दुसऱ्याकडे द्यावं.

तिसरं, बॅटरीवर चालणारं यंत्र. महाग, आवाज करणारं आणि घट्ट शेंबडापुढे अनेकदा कमी पडणारं. मूल त्या आवाजाला घाबरत नसेल आणि तोंडाने ओढणं तुम्हाला अजिबात जमणार नसेल तर घ्या.

कुठलंही साधन दिवसात तीन-चार वेळांपेक्षा जास्त नको. सारखं ओढल्याने आतली त्वचा सुजते, कधी रक्तही येतं आणि नाक आणखी चोंदतं. शेंबूड पाण्यासारखा वाहत असेल तेव्हा तर ओढायची गरजच नसते, जुन्या धुवट सुती साडीचं ओलं फडकं पुरतं. वरच्या ओठावर झोपताना थोडं पेट्रोलियम जेली लावलं की तिथली लाली थांबते.

नाक उघडणारे औषधी थेंब

ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असलेले थेंब मिठाच्या पाण्याच्या शेजारीच ठेवलेले असतात, बाटल्याही सारख्या दिसतात. बाटलीवरचं घटकद्रव्य वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. या थेंबांनी नाक मिनिटांत उघडतं, पण काही दिवस सलग वापरले की जास्तच चोंदतं. लहान मुलात मात्रा थोडी चुकली तरी सुस्ती येऊ शकते, हृदयाचे ठोके मंदावू शकतात. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय घरात आणायचे नाहीत.

आजीचे उपाय

यात आमच्या घरी वाद झाला होता आणि तो मिटलाही. मिटला तो असा, की जे अंगाबाहेर राहतं आणि भाजत नाही ते चालेल. जे नाकात, तोंडात किंवा धुरातून आत जातं ते नको.

भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी या नियमात बसते. तव्यावर ओवा गरम करून मऊ फडक्यात बांधायचा, आधी आपल्या मनगटाला लावून बघायचा, मग मुलाच्या छाती-पाठीवरून कपड्यावरूनच फिरवायचा. त्याने शेंबूड कमी होतो असं मी म्हणणार नाही. पण ती ऊब, तो वास आणि आजीचा हात यांनी माझा मुलगा शांत होतो, हे मी पाचही वेळा पाहिलं. पुरचुंडी उशाशी ठेवून मात्र द्यायची नाही. गाठ सुटली तर दाणे तोंडात, नाकात जातात.

कापूर वेगळा. पुरचुंडीत कापूर घालायची किंवा गळ्यात बांधायची पद्धत अनेक घरांत आहे. कापराचा थोडा तुकडा पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. कापूर असलेलं छातीला चोळायचं मलमही दोन वर्षांखालच्या मुलांना नको, आणि नाकाच्या आत तर कुठल्याच वयात नको.

वेखंड उगाळून चाटवू नये, मुलांना उलट्या होतात. ओवा-लसणाच्या सालींची धुरी आधीच सुजलेल्या श्वासनलिकेला त्रास देते. नाकात खोबरेल किंवा तूप सोडण्याबद्दल सासूबाईंना समजवायला मला सगळ्यात वेळ लागला. तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरलं तर त्याचा न्यूमोनिया होतो, आणि ते आपोआप बाहेर येत नाही. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी हे त्यांना शांतपणे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?” त्यांचा प्रश्न रास्त होता.

पातेल्यातली वाफ तर नकोच. मूल हात घालतं, पातेलं कलंडतं, भाजतं. तोंडावाटे द्यायच्या गोष्टींत मध तेवढा अपवाद: एक वर्षानंतर अर्धा चमचा रात्रीच्या खोकल्याला चालतो, वर्षाच्या आत अजिबात नाही. वाहत्या नाकावर त्याचा उपयोग नाही.

सिरप

इथे माझं मत ठाम आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या सिरपमधून मुलांच्या पोटात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली आणि मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि साधारणपणे पाच वर्षांखालीही ती सुचवली जात नाहीत. त्याआधी २०२३ मध्येच क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन ही सर्दीची दोन औषधं एकत्र असलेल्या, तोंडाने द्यायच्या थेंबांवर ‘चार वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असं छापायचा आदेश आला होता.

भेसळ नसलेलं सिरपही या वयात नाक थांबवतं असं दिसलेलं नाही. मूल पेंगतं, आणि आपल्याला गुण आल्यासारखं वाटतं. मागच्या वेळची अर्धी उरलेली बाटली फ्रीजमध्ये असेल तर ती या वेळी काढू नका. ताप असेल तर पॅरासिटामॉल, तेही वजनानुसार डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत.

डॉक्टरांकडे केव्हा

दहा दिवसांनंतरही फरक नसेल, बरं वाटून पुन्हा ताप चढला असेल, कान ओढून रडत असेल, लघवी कमी झाली असेल तर दाखवा. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर ती सर्दी नसून आत हरभरा, चिंचोका किंवा मणी अडकलेला असू शकतो. तो घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, आणखी आत सरकतो.

आणि श्वास मोजायला शिका. मूल शांत झोपलेलं असताना पोटावरचा कपडा वर करून घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजायचं. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्या दोन महिन्यांपुढच्या बाळात ५० किंवा जास्त श्वास असतील, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचे. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत न बसता थेट दवाखान्यात.