अल्बियन की ओल्ड स्कूल रुनस्केप: फोनवर एकच ठेवायचा असेल तर

धाकट्या मावसभावाच्या फोनमध्ये जेमतेम एका गेमपुरती जागा उरलीय. त्याचा प्रश्न सरळ होता: "दादा, अल्बियन टाकू की रुनस्केप?" मी दोन्ही खेळलोय, दोन्ही वैतागून सोडलेत आणि दोन्हींकडे परत गेलोय. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहितो.

वरवर पाहिलं तर दोन्ही एकाच माळेचे मणी. तलवारी, जादू, राक्षस. पण अमुकच कर असं कोणी सांगत नाही. लाकूड तोडा, खाणीत उतरा, मासे धरा, लढा, विका, तुमची मर्जी. दोन्ही फुकटात सुरू होतात आणि कॉम्प्युटरवरचं खातंच फोनवर चालतं. खरा फरक कळतो तो मेल्यावर.

आधी अल्बियन ऑनलाइन. बर्लिनच्या सँडबॉक्स इंटरॅक्टिव्हचा हा गेम २०१७ साली आला. नकाशाला रंग आहेत: निळ्या भागात कोणी हात लावत नाही, पिवळ्यात दुसरा खेळाडू तुम्हाला आडवा करू शकतो पण अंगावरचं सामान राहतं, लाल आणि काळ्यात मेलात की सगळं गेलं. मी पहिल्यांदा मालवाहू बैल घेतला तेव्हा ही गोष्ट मला ऐकून माहीत होती, पटली नव्हती. लाल भागातून पाचव्या टियरचं (म्हणजे पाचव्या दर्जाचं) लाकूड भरून परत निघालो. पुढच्या नकाशाचं दार समोर दिसत होतं आणि मागून तीन घोडेस्वार आले. बैल धावतो कसला, तो चालतो. मोजून दहा-पंधरा सेकंदांचा खेळ. बैल, कुऱ्हाड, चिलखत, लाकूड, काही मोडलं आणि उरलेलं त्यांनी खिशात घातलं. मी शहरात उघडाबोडका उभा. त्या रात्री गेम उडवला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत टाकला.

परत का टाकला, तर या गेमचं सगळं अर्थकारण त्या लुटीवरच उभं आहे. वस्तू सतत मोडतात म्हणून त्या बनवणाऱ्याला रोज काम असतं, आणि जवळजवळ प्रत्येक हत्यार कुणा ना कुणा खेळाडूनं बनवलेलं असतं. राक्षस मारल्यावर जे गियर, म्हणजे हत्यारं-चिलखतं, पडतं, तेसुद्धा कुणीतरी केर्लिऑन शहराच्या ब्लॅक मार्केटला विकलेलं असतं! शिवाय प्रत्येक शहराचा बाजार वेगळा. लासलगावचा कांदा वाशीत त्याच भावानं मिळत नाही, तसंच इथे. फोर्ट स्टर्लिंगमध्ये लाकडावर प्रक्रिया केली तर उतारा जास्त, थेटफर्डमध्ये धातूवर. मग माल इकडून तिकडे न्यायचा, आणि वाटेत ते तीन घोडेस्वार. ज्याच्या अंगात थोडा व्यापारी आहे त्याला यापेक्षा मजेदार गेम फोनवर मला तरी सापडलेला नाही.

लढाई अंगावरच्या कपड्यांवर ठरते. काठी बदलली की जादूगाराचा वैद्य होतो. ऐकायला सोपं, पण प्रत्येक हत्यारात वेगळी मेहनत घालावी लागते, आणि काळ्या भागात गिल्डशिवाय, म्हणजे खेळाडूंच्या संघाशिवाय, टिकणं कठीण. गिल्ड म्हटलं की रात्रीचं जागरण आलंच.

ओल्ड स्कूल रुनस्केपचा स्वभाव अगदी उलट. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीनं फेब्रुवारी २०१३ मध्ये, जुना गेम परत द्या म्हणणाऱ्या खेळाडूंसाठी, ऑगस्ट २००७ ची जपून ठेवलेली प्रत पुन्हा सुरू केली. त्यामुळे चित्रं तेव्हाचीच, ठोकळेबाज. सुरुवातीलाच लंब्रिजच्या किल्ल्यातला स्वयंपाकी केकसाठी अंडं, दूध आणि पीठ मागतो. बादली घेऊन गाईचं दूध काढा, शेतातून गहू तोडा, पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर तो टाका, कळ ओढा, खाली येऊन मडक्यात पीठ भरा. एवढंच. पण अशा हातानं लिहिलेल्या दीडशेहून जास्त मोहिमा आहेत, आणि त्यांतले खवचट संवाद वाचायला मजा येते. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर मात्र अर्धी गंमत गेलीच म्हणून समजा.

इथे मेलात तर बहुतेक ठिकाणी थडगं उभं राहतं आणि सामान उचलायला पंधरा मिनिटं मिळतात. दुसऱ्यांनी लुटायचा धोका मुख्यतः उत्तरेच्या वाइल्डरनेसमध्ये, आणि तिकडे आयुष्यभर गेला नाहीत तरी चालतं. या गेमला हवा असतो तुमचा वेळ. एका कौशल्यात ९९ वी पातळी गाठायला १,३०,३४,४३१ गुण लागतात, आणि ९२ वर पोचलात तेव्हा कुठे अर्धी वाट सरते. बाजार एकच, ग्रँड एक्सचेंज. सोयीचा, पण अल्बियनपुढे नीरस. एक गोष्ट मात्र मला फार आवडते: नवीन काही आणायचं तर खेळाडूंचं मतदान होतं आणि ७० टक्के मतं मिळाली तरच ते येतं.

फुकटात कोण जास्त देतं? अल्बियन. सगळा नकाशा उघडा असतो, प्रीमियमचे पैसे भरले तर प्रगती भराभर होते इतकंच. रुनस्केपमध्ये २४ पैकी १५ कौशल्यं आणि नकाशाचा एक तुकडा फुकट, बाकीच्याला मेंबरशिप. ती गेममधल्या सोन्यातून बाँड (मेंबरशिपचं कूपनच म्हणा) घेऊनही मिळते, पण नवख्यानं त्या नादी लागू नये. एका बाँडचे चौदा दिवस मिळवायला महिना घासावा लागतो.

नेटवर्कचं म्हणाल तर रुनस्केपचं घड्याळ ०.६ सेकंदांच्या टप्प्यानं चालतं, त्यामुळे थोडा लॅग, म्हणजे नेटची दिरंगाई, पोटात घेतं. लोकलमध्ये उभ्यानं, एका अंगठ्यानं मासे धरत मी बदलापूर ते दादर कैकदा केलंय. अल्बियनच्या लाल भागात असं कराल तर कल्याण यायच्या आत मराल.

एकटेच खेळणार असाल, अधूनमधून वीस मिनिटं मिळत असतील, तर मी डोळे झाकून रुनस्केप सांगेन. मावसभावाला मात्र अल्बियन टाकायला सांगितलं, कारण होस्टेलवरचे तिघं त्याच्यासोबत खेळणार आहेत आणि चौघं मिळून बैल राखता येतो. अट एकच घातली: जे गियर लगेच दुसऱ्यांदा विकत घेता येईल तेवढंच घालून लाल भागात जायचं. आणि हो, सुरुवातीला सर्व्हर विचारतात तिथे चौघांनीही आशियाच निवडा. तो सिंगापूरचा, आपल्याला पिंग बरा मिळतो, म्हणजे उत्तर लवकर येतं. एकानं चुकून युरोप घेतला तर त्याचं पात्र इकडे आणता येत नाही, त्याला पुन्हा पहिल्या टियरपासून लाकूड तोडत बसावं लागेल.