एचडी टीव्हीचं रेकॉर्डिंग जुन्या व्हीसीआरवर, ३५० रुपयांचा जुगाड

आमच्या नव्या सेट टॉप बॉक्सला फक्त एचडीएमआय (नव्या टीव्हीची चपटी डिजिटल पिन), मागे पिवळी-लाल-पांढरी म्हणजे जुनी एव्ही पिनच नाही, म्हणून एकाचं दुसऱ्यात रूपांतर करणारा एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर मागवला, काडेपेटीपेक्षा जरासा मोठा डबा, यूएसबीवर चालतो. बाबांच्या व्हीसीआरला लावला तर चित्र ब्लॅक अँड व्हाइट आणि वर सरकतंय! अर्धा तास वायरी हलवण्यात गेला, मग दिसलं की बाजूला बारीक स्विच आहे पाल (PAL) आणि एनटीएससीचा (टीव्ही सिग्नलच्या दोन पद्धती, आपल्याकडची पाल), तो पालवर केला आणि कलर आला. हे माहितीपत्रकात एका ओळीत तरी छापायचं ना राव.

क्वालिटी म्हणाल तर १०८० लाइनचं चित्र पालच्या ५७६ मध्ये कोंबलं जातं, आणि व्हीएचएसवर (व्हीसीआरची कॅसेट) आडवं डिटेल तर आणखीनच कमी, जेमतेम २४० लाइन, त्यामुळे क्रिकेटचा स्कोअर वाचताना डोळे बारीक करावे लागतात. नाटक, मुलाखत मस्त दिसते. बॉक्समध्ये ४:३ लेटरबॉक्स (वर-खाली काळ्या पट्ट्या) सेटिंग करा, नाहीतर माणसं उभी ताणलेली दिसतात.

टायमर लावणार असाल तर व्हीसीआर एव्ही इनपुटवर ठेवा आणि बॉक्स त्याच चॅनलवर चालू, कारण व्हीसीआर काही बॉक्सचं चॅनल बदलत नाही (मी विसरलो, तीन तासांची ई-१८० कॅसेट भरून टेलिशॉपिंग). काही चॅनल कॉपी प्रोटेक्शनमुळे काळेच येतात, तिथे इलाज नाही.

कन्व्हर्टरला पाचात साडेतीन.