एचपी झेड४४० : कंपनीबाहेरची ड्राइव्ह चालते, पण स्लॉट बघून

लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड झेड४४० (एचपीचा जुना वर्कस्टेशन संगणक) मागायला गेलात की "याला एचपीचीच ड्राइव्ह लागते" हे ऐकायला मिळण्याची शक्यता बरीच. साफ चुकीचं. सॅमसंग, डब्ल्यूडी, क्रुशियल, काहीही लावा, मशीन ओळखतं. घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच.

मशीन २०१४ चं. बोर्डवर एम.२ (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीचा स्लॉट) ची जागाच नाही, म्हणून एनव्हीएमई म्हणजे वेगवान एसएसडीसाठी पीसीआय एक्सप्रेसचं अडॅप्टर कार्ड घ्यावं लागतं. एका ड्राइव्हचं, चार लेनचं (लेन म्हणजे डेटाची वाट) साधं कार्ड पुरे. त्यात नुसती जोडणी असते, जास्त पैसे मोजून वेग वाढत नाही. पण ते प्रोसेसरला जोडलेल्या स्लॉटमध्येच बसवा. सी६१२ चिपसेटवरचे (बोर्डवरची मदतनीस चिप) स्लॉट दुसऱ्या पिढीचे, म्हणजे हळू आहेत. सेकंदाला ३५०० एमबी वाचणारी ड्राइव्ह तिथे १६००-१७०० वर अडकते, आणि गिऱ्हाईक "डुप्लिकेट दिली" म्हणून दुकानदाराशी भांडतं. कुठला स्लॉट कुठल्या पिढीचा, हे मॅन्युअलमध्ये दिलेलं आहे.

कार्डाचा खोका काउंटरवरच उघडा. कार्ड मशीनच्या मागे पकडून धरणारी उंच पट्टी आहे का, आणि ड्राइव्हचं टोक दाबून धरणारा एम२ मापाचा (२ मिमी जाडीचा) इवलासा स्क्रू आहे का, ते बघा. तो हमखास गायब असतो, आणि त्याच्याविना ड्राइव्ह तिरकी उभी राहते. ड्राइव्ह घेताना 'एम.२' एवढंच वाचून पैसे देऊ नका: एम.२ साटा (जुनी, हळू जोडणी) आणि एनव्हीएमई दिसायला सारख्याच, पण साटावाली या कार्डावर दिसतच नाही. ग्राफिक्स कार्डाला खेटून बसवायची असेल तर हीटसिंकही घ्या; बिनएसीच्या खोलीत मे महिन्यात लांब रेंडर लावला की ड्राइव्ह तापून वेग पाडते.

विंडोज या एनव्हीएमई ड्राइव्हवरूनच सुरू करायचं असेल तर आधी बायोस ताजा करा. जुनी डिस्क एमबीआर (विभागणीची जुनी पद्धत) असेल तर क्रम महत्त्वाचा: बॅकअप, मग 'एमबीआर२जीपीटी' (डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं विंडोजचं साधन, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून आहे), मग एफ१० दाबून बायोसमध्ये लेगसी (जुनी बूट पद्धत) बंद आणि यूईएफआय (नवी) चालू. उलट केलंत तर मशीन बूट होणार नाही. क्लोन केलेली (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) ड्राइव्ह पहिल्यांदा निळा पडदा दाखवून थांबली तर एकदा सेफ मोडमध्ये चालू करा. एनव्हीएमईचा ड्रायव्हर तेव्हा मार्गी लागतो.

साडेतीन इंची मोठ्या डिस्कची तऱ्हा वेगळी. डेटा सेंटरच्या काही डिस्क नव्या साटा नियमाप्रमाणे वीजजोडाच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट मिळाले की बंदच राहतात. फिरण्याचा आवाजही येत नाही, म्हणून ती मेली असं वाटतं. त्या पिनवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणारी, वीज अडवणारी) बारीक पट्टी लावली की काम होतं. मोलेक्स (जुना चार पिनी वीजजोड) अडॅप्टरनेही होतं, पण प्लास्टिक ओतून बनवलेला स्वस्तातला घेऊ नका, ते जळतात. अशा बऱ्याच डिस्कच्या तळाला मधली भोकं नसतात, तेव्हा खालून स्क्रू लागणारा ट्रे असेल तर आधी माप जुळवा. 'एसएएस' (सर्व्हरमधली वेगळी जोडणी) लिहिलेली डिस्क कितीही स्वस्त असली तरी साटा पोर्टात जात नाही.

एडिटिंगसाठी घेणाऱ्यांना झेड४४० डोळे झाकून सुचवतो. झेड४२० (याच्या आधीचं मॉडेल) दोन-तीन हजारांनी स्वस्त पडलं तरी नको. त्याचा बायोस एनव्हीएमईवरून बूट करत नाही, तिथे साटा एसएसडीच्या ५५० एमबीवर भागवावं लागतं.