जुन्या गोव्यातले गाईड: पैसे वसूल

बॉम जीझस बासिलिका बघायची तर गाईड घ्याच. आमचे गाईड काका म्हापशाचे, स्वतः कॅथलिक. या चर्चमध्ये ज्यांचा देह ठेवलाय ते धर्मप्रचारक सेंट फ्रान्सिस झेवियर 1552 साली चीनजवळच्या शांगच्वान बेटावर वारले. पुढे नुसती हाडं नेता यावीत म्हणून शवपेटीत चुना भरला होता. अडीचेक महिन्यांनी उघडली, तर देह शाबूत! मी विचारलं, चुन्यामुळेच टिकला असेल का? काकांनी टाळाटाळ केली नाही. चुना ओलावा शोषतो, जंतूंना वाढू देत नाही, हे नीट समजावलं आणि म्हणाले, "तरी माझी प्रार्थना चालूच." हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला. देह आता सुकलेला आहे, चांदीची पेटी उंचावर असल्याने खालून फारसा दिसत नाही, हेही आधीच सांगितलं. सकाळी लवकर जा, गर्दी कमी असते.