नाकावरचा चट्टा : मलम, प्रकाश, किरण की शस्त्रक्रिया?

नौदलातून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेल्या माझ्या काकांच्या नाकपुडीवर वाटाण्याएवढा चट्टा होता. पंच्याने तोंड पुसताना त्याची खपली निघे, रक्ताचा थेंब येई आणि आठवड्याभरात पुन्हा खपली धरे. वर्षभर ते त्याला दाढीची जखमच म्हणत राहिले. बायोप्सीत, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीत, बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग निघाला, तेव्हा सुरी लावायची नाही, दुसरे काही असेल तर बघू, असा त्यांनी हट्ट धरला. त्यांच्यासारख्याच विचारात असलेल्या माजी सैनिकांसाठी हा आढावा आहे.

शस्त्रक्रियेवाचूनच्या उपायांत सर्वांत मोहात पाडणारा उपाय मलमाचा. इमिक्विमॉड हे ५ टक्के मलम वरवरच्या बेसल सेल गाठीवर आठवड्यातून पाच रात्री, असे सहा आठवडे लावतात. त्वचा लाल होते, सोलते, कधी चिघळते. औषध काम करत असल्याचेच ते लक्षण असते, पण घामाच्या दिवसांत हे सोसणे सोपे नाही. ब्रिटनमध्ये ५०१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत पाच वर्षांनी मलमाचे यश ८२.५ टक्के, तर शस्त्रक्रियेचे ९७.७ टक्के आढळले. त्या चाचणीत कमी जोखमीच्या जागांवरच्या गाठीच घेतल्या होत्या. नाक, डोळ्यांचा आणि कानांचा परिसर त्यांत मोडत नाही. काकांचा प्रश्न इथेच बराचसा सुटला.

नेदरलँड्समध्ये फक्त वरवरच्या बेसल सेलवर तीन उपायांची थेट तुलना झाली. पाच वर्षांनी गाठ परत न आलेल्यांचे प्रमाण इमिक्विमॉडमध्ये ८०.५ टक्के, फ्लुओरोयुरॅसिल मलमात ७० टक्के आणि प्रकाशोपचारात ६२.७ टक्के होते. प्रकाशोपचारात गाठीवर औषध लावून काही तासांनी लाल प्रकाश सोडतात. त्या वेळी आग होते आणि त्यासाठीचे यंत्र सर्वत्र नसते. घरी करता येणारे मलम इथे अधिक प्रभावी ठरत असेल, तर त्यासाठी मुंबई गाठण्यात फारसा अर्थ दिसत नाही.

रेडिएशनचे गणित वेगळे आहे. ज्यांना भूल किंवा शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा वृद्धांसाठी तो चांगला मार्ग आहे, पण बहुधा कित्येक आठवडे फेऱ्या घालाव्या लागतात. गावाहून रोज जाणे जमत नसेल, तर शहरात नातेवाइकांकडे मुक्काम करावा लागतो आणि ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरलही घ्यावे लागते. लहान गाठ बहुतेक वेळा जागेपुरती भूल देऊन काढतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. सुरी टाळण्यासाठी माणूस किती प्रवास पत्करतो, याचे मला नवल वाटते.

खरोखर प्रायोगिक म्हणावे असे काम स्क्वॅमस सेल या त्वचेच्या दुसऱ्या प्रकारच्या कर्करोगाच्या मोठ्या गाठींवर चालू आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७९ रुग्णांना शस्त्रक्रियेआधी सेमिप्लिमॅब या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध जागवणाऱ्या, औषधाचे जास्तीत जास्त चार डोस दिले. नंतर काढलेल्या भागात ५१ टक्के रुग्णांमध्ये कर्करोगाचा अंशही उरला नव्हता. मात्र या रुग्णांवर शस्त्रक्रिया करण्याचेच ठरलेले होते; ती वगळली तरी चालेल, असे या अभ्यासातून सिद्ध होत नाही. शिवाय औषध महाग आहे आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा धोका त्यात असतो.

अमेरिकेतील ९३२ माजी सैनिकांवरील चाचणीचा दाखलाही दिला जातो. तिथे फ्लुओरोयुरॅसिल मलम चेहऱ्याला आणि कानांना दिवसातून दोनदा, चार आठवड्यांपर्यंत लावले, तेव्हा पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया लागणारे नवे स्क्वॅमस सेल कर्करोग ७५ टक्क्यांनी घटले. हा पुढच्या गाठी टाळण्याचा उपाय होता, असलेल्या गाठीचा इलाज नव्हे. त्या सर्वांना आधी किमान दोनदा त्वचेचा कर्करोग होऊन गेलेला होता. सावळ्या त्वचेला उन्हामुळे होणारे हे कर्करोग मुळात कमी होतात, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येत नाहीत. आपल्याकडे जुन्या भाजल्याच्या व्रणावर उठलेली जखम किंवा तळपायावरचा वाढता काळा डाग दिसला, तर घरच्या घरी कोणतेही मलम न लावता आधी बायोप्सी करून घ्यावी.

काकांनी अखेर नाकावरची गाठ काढून घेतली. टाके निघाल्यावर त्यांनी आधी आरसा मागितला आणि मग चहा.