बारोलो २०१६: एकच द्राक्ष, दोन गावे

बारोलो ही इटलीची लाल वाइन पेल्यात ओतली की पहिली शंका येते ती रंगामुळे. उत्तम लाल वाइन गडद जांभळीच असते, अशी ज्यांची समजूत आहे त्यांना ही फिक्या माणकाच्या रंगाची, कडेला विटकरी झाक असलेली आणि पेल्यामागची बोटे सहज दिसू देणारी वाइन पाणी घातल्यासारखी वाटते. पहिल्या घोटाला ती शंका फिटते, कारण फार उकळलेल्या कोऱ्या चहासारखा तुरटपणा हिरड्या धरून ठेवतो आणि जीभ कोरडी पडते. नेब्बिओलो या द्राक्षाचा स्वभावच तसा आहे: मण्याची साल पातळ, रंग बेताचा, पण टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारे द्रव्य, आणि आम्लता दोन्ही भरपूर.

बारोलो हे नाव लावायचे तर वाइन निव्वळ नेब्बिओलोची असावी लागते, ते द्राक्ष इटलीच्या पिएमोंते प्रांतात, आल्बा शहराजवळच्या लांगे टेकड्यांवरील अकरा गावांच्या आखून दिलेल्या हद्दीतच पिकलेले असावे लागते, आणि किमान ३८ महिने, त्यांपैकी १८ लाकडी पिंपांत, मुरल्याशिवाय ती बाजारात आणता येत नाही. त्यामुळे २०१६ सालच्या दोन बाटल्या, एक ला मोर्रा गावची आणि दुसरी सेर्रालुंगा द'आल्बाची, एकाच संध्याकाळी उघडल्या, तेव्हा द्राक्ष आणि साल सारखेच होते. फरक उरला तो जमिनीचा आणि करणाऱ्याच्या हाताचा.

ला मोर्रा पश्चिमेकडे आहे. तिथल्या निळसर करड्या, चुनखडीयुक्त चिकणमातीतली वाइन सुगंधी आणि त्या मानाने मवाळ असते, असा लौकिक आहे. या बाटलीने तो राखला: अर्ध्या तासात सुकलेल्या गुलाबपाकळ्यांचा वास, त्यामागून आंबट चेरी आणि शेवटी ज्येष्ठमधाची पुसटशी गोडी. तक्रार एकच, पण ती मोठी आहे. उत्पादकाने नव्या ओकची लहान पिंपे सढळपणे वापरलेली दिसतात, आणि त्यांचा व्हॅनिलासारखा वास गुलाबावर चढून बसतो. मोठी जुनी पिंपे की लहान नवी, यावरून गेल्या शतकाच्या अखेरीस या टेकड्यांवर मोठा वाद झाला होता. माझे मत जुन्या पिंपांच्या बाजूने आहे, आणि या बाटलीने ते अधिकच पक्के केले.

पूर्वेकडच्या सेर्रालुंगाची जमीन कमी कसाची, वालुकाश्माचे थर मधूनमधून येणारी. तिथली बाटली ‘आता पिण्याजोगी झाली आहे’ असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते. प्रत्यक्षात पहिले दोन तास उन्हात तापलेल्या डांबराच्या वासापलीकडे तिने काहीच दिले नाही, आणि तुरटपणा तर इतका की तिसरा घोट घ्यावासा वाटेना. उरलेली अर्धी बाटली बूच लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच वाइन निराळी लागली: डांबर मागे सरले होते, गुलाब आणि ओल्या मातीचा वास वर आला होता, आणि टॅनिन तितकेच असूनही आता बोचत नव्हते.

ही हट्टी वृत्ती वेलीपासूनच दिसते. नेब्बिओलोच्या वेलीचे कोंब इतर जातींच्या आधी फुटतात आणि माल मात्र ऑक्टोबरपर्यंत तयार होत नाही. म्हणजे वसंतातल्या गोठवणाऱ्या दहिवराचा धोका आहे आणि काढणीच्या तोंडावर पावसाचाही. म्हणून ज्या उतारावरचा बर्फ आधी वितळतो तो नेब्बिओलोसाठी राखायचा आणि उरलेल्या जागी बार्बेरा किंवा दोल्चेत्तो ही दुसरी द्राक्षे लावायची, अशी तिथली जुनी रीत आहे. बारोलोच्या नियमांतही निव्वळ उत्तराभिमुख उतार वर्ज्य आहेत. नावाची व्युत्पत्ती ‘नेब्बिया’, म्हणजे धुके, या शब्दाशी जोडतात. काहींच्या मते ते काढणीच्या दिवसांतले धुके, तर काहींच्या मते मण्यांवरची पांढुरकी लव.

दोन्हींत सेर्रालुंगाची बाटली सरस आहे, पण ती दोन दिवस थांबायची तयारी असणाऱ्यांनीच घ्यावी. या द्राक्षाशी नुकतीच ओळख करून घेणाऱ्यांनी त्याच टेकड्यांवरची ‘लांगे नेब्बिओलो’ आधी चाखावी. तिला इतके मुरवण्याची सक्ती नसते आणि ती बरीच स्वस्त पडते. सेर्रालुंगाची दुसरी बाटली माझ्याकडे आहे. ती आडवी, अंधारात ठेवली आहे आणि २०३० च्या आधी तिचे बूच काढणार नाही.