वीतभर रेड ऑक्साइड आणि ३,२१,८५० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी विचारायला नको. जीपचे १,६५,०००. ती घरी आणायच्या ट्रेलरचे ९,५००. एजंटने खाल्लेले ४२,०००. आणि मी माझ्या हाताने, माझ्या अंगणात, रविवार-सुट्ट्या घालवून त्या जीपवर ओतलेले १,०५,३५०. बेरीज शीर्षकात आहे. बायकोला यातले फक्त पहिले दोन आकडे माहीत होते. आता सगळे माहीत आहेत.

विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, वकिलाने तंबी दिली आहे. त्या भागात त्याला सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवतो. बावीस वर्षं. जोडावर ग्राइंडर फिरवून वेल्ड लपवला असेल तर तो कसा ओळखायचा, हे मी दर वर्षी पोरांना दाखवतो. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. आता लिहिलंय, तर पुढचंही लिहितो.

गाडी म्हणजे महिंद्राची सीजे-३बी, हाय बॉनेट, आरसी बुकावर १९६४. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हिचं बॉनेट उंच आहे ते दिसण्यासाठी नाही. विलीजच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिनच उंच झालं आणि बॉनेट त्याच्यावर चढवावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ ला संपलं, आपल्याकडे मात्र पुढे कितीतरी वर्षं बनत राहिलं. वडील पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते आणि याच मॉडेलची जीप चालवायचे. कालव्याच्या कडेने त्यांच्या मांडीवर बसून मी स्टेअरिंग धरलेलं आहे. त्यामुळे ‘कशाला हवी होती ती ब्याद’ हा प्रश्न मला विचारू नका. हवी होती.

मला मूळ पेट्रोल इंजिन असलेलीच पाहिजे होती आणि तशी मिळणं अवघड. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीपांत कधी ना कधी डिझेल इंजिन बसवलेलं असतं, कुठे मॅटाडोरचं, कुठे प्यूजोचं. ही फलटणजवळ एका गोठ्याच्या मागे होती. साखर कारखान्याच्या लिलावातली, म्हणे. चाकं मातीत रुतलेली, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोटाने फुटत होता आणि त्यातून गवत वर आलेलं. इंजिन जाम, पण जागेवर आणि हरिकेनच. ग्रिलच्या सात फटी मोजल्या. टेप लावून चाकांमधलं अंतर मोजलं, बरोबर ८० इंच. म्हणजे मी अगदीच डोळे मिटून गेलो नव्हतो.

आणि मग तो चेसिस नंबर.

इथे मी रोज रात्री परत जातो. बंपरच्या मागे, चेसिसच्या म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या पट्टीवर, जिथे नंबर ठोकलेला होता तिथे वीतभर रेड ऑक्साइड, गंजू नये म्हणून मारतात तो लाल रंग, मारलेला होता. ताजा. अख्खी जीप वीस वर्षांच्या गंजाने खाल्लेली, बसायच्या जागी कोंबडीने अंडी घातलेली आणि तेवढी एक वीत लालचुटूक. मी अण्णांकडे पाहिलं. ते म्हणाले, “सर, गंज नंबर खायला लागला होता. उद्या पासिंगला नंबर दिसला नाही तर तुमचेच वांधे. म्हणून मीच हात मारला.” यावर मी काय म्हणालो असेन? म्हणालो, “बरं केलंत अण्णा.” मी त्या माणसाचं कौतुक केलं. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, आकडा उमटला, आरसी बुकाशी जुळवला, तंतोतंत जुळला. तो पेन्सिलचा ठसा मी देवाच्या फोटोमागे ठेवला होता.

माझ्या पिशवीत त्या दिवशी तारेचा ब्रश होता. घरून मुद्दाम नेला होता.

बारावीतला मुलगा बरोबर होता. परतताना त्याने विचारलं, “बाबा, एवढीच जागा का रंगवली असेल?” मी त्याला म्हणालो, तुला गाड्यांतलं काय कळतं. त्यानंतर त्याने हा विषय कधीच काढला नाही. सगळं उघड झालं त्या दिवशीही नाही. त्याने बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

तर बाबांनो, नंबरावर रंग असेल तर तो तिथेच, मालकासमोर, खरवडा. किल्लीच्या टोकाने खरवडा. मालकाला राग आला तर येऊ दे. खरवडू देत नाही म्हणाला तर चहासुद्धा न घेता निघा.

बयाणा २१,००० यूपीआयने दिला. राहिलेल्या १,४४,००० पैकी ५०,००० यूपीआय आणि ९४,००० रोख, कारण “बहिणीच्या पोरीचं लग्न आहे सर, रोखीचं बघा ना”. रोखीची पावती नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर करार, नोटरी, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि करारात एक ओळ: ‘वाहन जसे आहे तसे’. जुन्या गाडीच्या करारात ही ओळ असतेच, असं मला वाटलं. असतेच. पण ती कुणाच्या कामी येते ते आता कळलं.

ऑनलाइन गाडी दिसत नव्हती. अण्णा म्हणाले, जुन्या रजिस्टरातली गाडी, बॅकलॉग एंट्री करावी लागते, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवायची. आता हे खरंच आहे, जुन्या गाड्यांचं असं होतं. मग त्यांच्याच ओळखीचा आरटीओची कामं करणारा एक एजंट आला. तो म्हणाला, बॅकलॉग कशाला नुसता, पन्नास वर्षांवरची गाडी आहे, व्हिंटेजमध्येच टाकू, व्हिंटेज गाड्यांचा व्हीए मालिकेतला नंबर मिळेल, दहा वर्षं बघायला नको. मी घरी येऊन नियम वाचले. २०२१ चा नियम आहे, ५० वर्षांहून जुनी गाडी, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नको, नवीन नोंदणीची फी २०,०००. त्याने फी म्हणून २०,००० च मागितले होते. एक रुपया वाढवून सांगितला असता तर मी सावध झालो असतो. त्याने फी अचूक सांगितली आणि माझा विश्वास बसला. मग ‘वरचे’ १२,०००, मग ‘साहेबांचे’ १०,००० रोख. शेवटचे का दिले ते विचारू नका, मला लाज वाटते. व्हॉट्सअॅपवर पावतीचा फोटो आला. त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून बघावा हे माझ्या डोक्यात आलं ते सहा महिन्यांनी. तो स्कॅनच होत नाही, नुसती काळी-पांढरी नक्षी आहे.

नोव्हेंबर २०२४ ते जून २०२५ मी काम केलं. हे सात महिने चांगले गेले, तेही सांगायला हवं. चारही प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ब्रेक ऑइल सोडलं, अकरा दिवस मुरवलं, टॉप गिअर टाकून गाडी पुढे-मागे ढकलत राहिलो आणि बाराव्या दिवशी क्रँक हलला. शेजारचे काका धावत आले, काय झालं म्हणून, मी ओरडलो होतो. मग इंजिन उतरवून बोअरिंग, पिस्टन-रिंग, व्हॉल्व मिळून ३८,६००. पुढच्या अॅक्सलच्या गोळ्यांची सील, किंगपिनची बेअरिंग, ब्रेक सिलिंडर, वायरिंग, २२,९००. सोळा इंची पाच टायर २६,५००. पत्रा, रॉड, ग्राइंडरच्या चकत्या १७,३५०. मार्चमध्ये इंजिन सुरू झालं, आधी प्लगच्या वायरींचा क्रम चुकला आणि कार्बोरेटरमधून जाळ आला, मग १-३-४-२ नीट लावला आणि ते असं काही गुरगुरलं की वडील असते तर, असो.

जूनमध्ये बॉडी उतरवली आणि चेसिस उघडी केली. ग्राइंडरला तारेचा कप लावून मागून पुढे येत होतो. नंबराची जागा मी शेवटी ठेवली होती, आकड्यांना धक्का नको म्हणून. तिथे आलो तर धुळीचा रंग बदलला. गंजाची धूळ तपकिरी असते, ही गुलाबी होती. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. चेसिसला लांबी कोण भरतं? हाताने घासलं. सकाळचं ऊन तिरपं येत होतं आणि त्या उन्हात एक चौकोन दिसला. १८ सेंटिमीटर लांब, ६ रुंद, चारही बाजूंनी वेल्ड, वेल्ड ग्राइंडरने सपाट केलेला, एका कोपऱ्यात बीड, म्हणजे वेल्डची रेघ, नीट बसली नव्हती म्हणून तिथे लांबी. चौकोनाबाहेर लोखंडाला देवीच्या वणासारखे खड्डे, आत एकही नाही. हातोडीने ठोकलं. बाहेर एक आवाज, आत दुसरा. पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा सांगेल.

खेळ तुम्हाला माहीतच आहे. भंगारात गेलेल्या जीपचे कागद जपून ठेवायचे, तिच्या चेसिसचा नंबराचा तुकडा कापून ठेवायचा, आणि बिनकागदाची, कदाचित चोरीची जीप सापडली की तिच्यात तो तुकडा बसवायचा. मग इंजिन नंबर बघितला, ब्लॉकच्या पुढच्या बाजूला वॉटर पंपाच्या मागे असतो तो. तिथे आकडे नव्हतेच, घासलेलं होतं. फलटणला तिथे इंचभर काळं ग्रीस बसलेलं होतं आणि मला त्या ग्रीसचं प्रेम वाटलं होतं, मूळचं म्हणून. चिंधी आणि थोडं रॉकेल न्या. ग्रीस पुसा.

अण्णांचा फोन लागला. म्हणाले, “सर, जशी होती तशी दिली, कागद वाचा तुमचा.” एजंटचा फोन त्याच दिवसापासून बंद.

आता कार्यालयांचं ऐका. आमच्या पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी: “व्यवहार तिकडे झाला, तिकडे तक्रार द्या.” तिकडे गेलो, येऊन-जाऊन अख्खा दिवस: “पैसे तुम्ही तुमच्याकडून पाठवले, तिकडेच द्या.” परत आमच्याकडे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते, हे मी मोबाइलवर दाखवलं. हवालदार म्हणाला, “सर, तुम्ही शिकवता का वकिली करता?” आतले साहेब म्हणाले, गाडी मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली, हा दिवाणी वाद आहे. आणि मग पेन खाली ठेवून, अगदी प्रेमाने: “नंबर बदललेली गाडी कुणाच्या अंगणात आहे? तुमच्याच ना? जरा विचार करा.” मी घरी आलो आणि दोन दिवस जेवलो नाही. फसलो मी आणि आरोपीही मीच होणार होतो.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. बाई सभ्य होत्या, तक्रार क्रमांक दिला. म्हणाल्या, पैसे गेल्या गेल्या कळवलं असतं तर खातं गोठवता आलं असतं, आता कित्येक महिने झाले. ते खरं आहे. यूपीआयने फसलात तर आधी १९३०, रडणं नंतर.

आरटीओत वेगळंच. “चेसिसची तपासणी हवी असेल तर पोलिसांचं पत्र आणा.” पोलीस म्हणतात, “आरटीओचा अहवाल आणा.” मी या दोन इमारतींमध्ये नऊ खेपा केल्या, मोजल्या आहेत, पेट्रोल वेगळं, रजा वेगळ्या. एकदा सर्व्हर बंद, एकदा साहेब मीटिंगला, एकदा खिडकीवर जेवणाची सुट्टी पावणेबाराला. नवव्या खेपेला एका म्हाताऱ्या लिपिकाला माझी दया आली असावी. त्याने मूळ नोंदणी जिथे झाली त्या कार्यालयात ओळखीने फोन लावला. तिकडच्याने जुनं रजिस्टर काढलं. दहा मिनिटांत उत्तर: या नंबरावर लाल शाईत ‘नोंदणी रद्द, वाहन भंगार’, वर्ष १९९८. दहा मिनिटं! जी गोष्ट दहा मिनिटांत कळू शकते ती सामान्य माणसाला सात महिन्यांत कळत नाही, आणि वर तोच मूर्ख ठरतो. मी मूर्ख आहेच, पण एकटाच नाही.

म्हणून बयाण्याच्या आधी मूळ नोंदणीच्या आरटीओ कार्यालयात अर्ज करून गाडीचं पर्टिक्युलर, म्हणजे नोंदणीचा उतारा, काढा. स्वतः जा, विकणाऱ्याचा माणूस पाठवू नका. ‘रजिस्टर जळालं’, ‘पुरात गेलं’ असं कुणी सांगितलं तर ते लेखी मागा.

शेवटी कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने तक्रार पाठवली. पाच आठवड्यांनी दोन शिपाई आले, पंचनामा केला, चौकोनाचे फोटो काढले, चहा घेतला. जाताना बजावलं, गाडीला हात लावायचा नाही, मुद्देमाल आहे. मुद्देमालाची पावती मागितली तर म्हणाले ठाण्यात या. ठाण्यात म्हणतात, जप्ती कुठे केली आहे, नुसता पंचनामा झालाय. गुन्हा अजून दाखल नाही. वकील म्हणतात आता १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू. एजंटविरुद्ध ग्राहक आयोगातही जाऊ, तिथे पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. वकिलांची फी मात्र लागते. ती वरच्या बेरजेत धरलेली नाही.

सध्या चेसिस अंगणात चार घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, उभी आहे. मी ती चकाचक, चांदीसारखी घासून ठेवली होती, त्यावर पहिला पाऊस पडला. नंबराच्या चौकोनाभोवती आता नवीन गंज धरतोय, कालपासून बोटाला लागतो. परवा हवालदाराला फोन करून विचारलं, निदान एक हात रेड ऑक्साइड मारू का? तो म्हणाला, “नंबराच्या जागेवर? तुम्ही तर बोलूच नका सर.”